पेशींचे तेल खवट होऊ नये म्हणून

शेंगदाण्याचा डबा उघडताच घरातली बाई दाणा तोंडात न घालताच सांगते, ‘खवट झाले.’ तिला प्रयोगशाळा लागत नाही, नाक पुरते. खवट होणे म्हणजे हवेतील ऑक्सिजन दाण्यातील तेलाला चिकटणे. तेलाचे लांब धागे तुटतात, त्यांतून नवे बारीक पदार्थ तयार होतात आणि तो वास त्यांचाच असतो. टरफलातला अख्खा दाणा महिनोन्महिने टिकतो, पण कुटून ठेवला तर लवकर बिघडतो, कारण कुटल्यावर हवा कणाकणाला लागते. ऊन, उष्णता आणि लोखंड-तांब्याचा स्पर्श यांनी हे काम आणखी वेगाने होते.

मागील काही अंकांत आपण साखर, मीठ आणि पाणी यांविषयी बोललो. या महिन्यात तेलाविषयी बोलू. पण कढईतल्या तेलाआधी आपल्या शरीरातल्या तेलाविषयी बोलायचे आहे. कारण डब्यातल्या दाण्यांचे जे होते तेच आपल्या पेशीपेशीत रोज थोडेथोडे होत असते. फरक इतकाच की शरीराने त्यावर पहारेकरी नेमलेले आहेत आणि त्या पहारेकऱ्यांचा शिधा आपल्या दस्तरखानावरून जातो.

पेशीची भिंत तेलाची असते

आपले शरीर असंख्य पेशींचे बनलेले आहे. प्रत्येक पेशीभोवती एक आवरण असते. त्याची जाडी एका मिलिमीटरच्या दोन लाखाव्या भागाइतकी. हे आवरण मुख्यतः स्निग्ध पदार्थांच्या दोन थरांचे असते आणि त्यात ठिकठिकाणी प्रथिने बसवलेली असतात. पेशीच्या आतही पाणी आणि बाहेरही पाणी. दोन पाणी वेगळी ठेवायची तर मध्ये तेलच हवे.

ही भिंत विटांची नसते, लवचिक असते. अन्न आत घ्यायचे, घाण बाहेर टाकायची, शेजारच्या पेशीचा निरोप ऐकायचा, ही सगळी कामे भिंत मऊ असेल तरच होतात. हा मऊपणा पातळ राहणाऱ्या स्निग्धाम्लांमुळे येतो. हिवाळ्यात वनस्पती तूप डब्यात दगडासारखे घट्ट होते आणि करडईचे तेल मात्र वाहते राहते, हे आपण पाहतो. करडईच्या तेलातील स्निग्धाम्लांच्या साखळीत काही ठिकाणी ‘दुहेरी बंध’ असतात. तिथे साखळी वाकते, म्हणून तेल गोठत नाही. शेंगदाणा, तीळ, सरकी, जवस, मासे यांतून अशी स्निग्धाम्ले मिळतात. मेंदू आणि डोळ्याचा पडदा यांच्या पेशींत ती विशेष भरपूर असतात.

पण जे मऊ तेच नाजूक. ऑक्सिजन हल्ला करतो तो नेमका या दुहेरी बंधांच्या शेजारी. आपण श्वासावाटे घेतलेला ऑक्सिजन पेशीत अन्न जाळण्याच्या कामी येतो. या जाळण्यात काही ठिणग्या उडतात. त्यांना फ्री रॅडिकल, म्हणजे मुक्त कण म्हणतात. विडी-सिगारेटचा धूर, चुलीचा धूर, काही औषधे, जंतुसंसर्ग आणि शरीरात मोकळे सुटलेले लोह यांनी ठिणग्या वाढतात. अशी एक ठिणगी भिंतीतल्या एका स्निग्धाम्लावर पडली की ते बिघडते. बिघडलेले स्निग्धाम्ल शेजारच्याला बिघडवते, ते पुढच्याला. गंजीत एक काडी पेटावी आणि आग काडीकाडीने सरकत जावी, तसे. कोणी मध्ये पडले नाही तर भिंत कडक होते, तिला भोके पडतात आणि अखेर पेशी मरते.

मध्ये पडणारे कोण?

पहिला पहारेकरी ई जीवनसत्त्व. १९२२ साली अमेरिकेत बर्कले येथे हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरीन बिशप यांनी ते शोधले. हे जीवनसत्त्व तेलात विरघळते, म्हणून ते थेट पेशीच्या भिंतीतच राहायला जाते. साखळी पेटत आली की ते स्वतः पुढे होते, ठिणगी आपल्या अंगावर घेते आणि आग तिथेच थांबते. तेलबिया, दाणे आणि बदाम यांत ते असते, कारण त्या बियांनाही आपले तेल सांभाळायचे असते. म्हणजे निसर्गात जिथे तेल, तिथे त्याचा राखणदार सोबतच ठेवलेला आहे.

दुसरा पहारेकरी सी जीवनसत्त्व. ते पाण्यात विरघळते, म्हणून ते भिंतीत नव्हे तर भिंतीलगतच्या पाण्यात असते. ठिणगी अंगावर घेतलेले ई जीवनसत्त्व निकामी होते. सी जीवनसत्त्व त्याला पुन्हा कामाला लायक करते. सी जीवनसत्त्वावर काम करणारे शास्त्रज्ञ आल्बर्ट सेंट-ज्योर्जी यांना १९३७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ते हंगेरीतील सेगेड या गावी राहत. सी जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणावर कशातून काढावे हा त्यांच्यापुढे प्रश्न होता आणि त्याचे उत्तर त्यांना सेगेडच्या प्रसिद्ध पिकात सापडले. ते पीक म्हणजे मिरची. नंदुरबारच्या वाचकांना हे वाचून गंमत वाटेल.

तिसरी फळी शरीर स्वतः बनवते. ग्लुटाथिऑन नावाचा पदार्थ आणि त्याच्या जोडीने काम करणारी एन्झाइम बिघडलेले स्निग्धाम्ल उचलून निरुपद्रवी करतात. हे बनवायला डाळ, अंडी, दूध, मांस यांतील प्रथिने लागतात आणि मातीतून धान्यात येणारे सेलेनियम नावाचे खनिज अगदी थोडे लागते. गाजर, पपई, लाल मिरची, पालेभाज्या यांचे रंगद्रव्यही मदतीला असते.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हे सगळे एकमेकांच्या आधाराने काम करतात. एकाला भरमसाट खाऊ घालून बाकीच्यांना उपाशी ठेवले तर पहारा मजबूत होत नाही.

लोणखेड्याचा प्रश्न

शहाद्याला लागूनच असलेल्या लोणखेड्याच्या एका वाचक भगिनीचा प्रश्न आमच्याकडे आला आहे. घरात सासू-सासरे, पती आणि तीन मुले. धाकट्या मुलाला वारंवार थकवा येतो, सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि स्वतः त्यांचे केस गळतात. कोणीतरी सांगितले की ई जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल घ्या, पेशी तरुण राहतात. आता दर महिन्याला घरखर्चातून कॅप्सूलचे पैसे बाजूला काढावे लागतात. त्यांनी विचारले आहे की या कॅप्सूल चालू ठेवाव्यात का, आणि तेल अगदीच बंद केले तर बरे का?

दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असे आहे. पण नुसते नाही म्हणून भागणार नाही. आधी हे पाहू की लोणखेड्याच्या आसपास काय पिकते. गोमाई नदीच्या या पट्ट्यात पपई, केळी, ऊस, कापूस आणि मिरची होते. शहादा तालुक्यातील पपई ट्रक भरभरून उत्तर भारतात जाते. नंदुरबारची मिरचीची बाजारपेठ राज्यभर प्रसिद्ध आहे आणि हंगामात शहराबाहेरच्या पथाऱ्यांवर लाल मिरचीचे गालिचे अंथरलेले दिसतात. जिल्ह्यातल्याच नवापूरची तूरडाळ भौगोलिक मानांकन मिळालेली आहे. वर सांगितलेल्या पहारेकऱ्यांचा जवळजवळ सगळा शिधा इथल्या शिवारात आहे. शिवारातून पपई बाहेर जाते आणि त्याच घरात औषधाच्या दुकानातून कॅप्सूल येते, असा हा उलटा व्यवहार आहे.

आता हिशेब करू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ पुरुषाला दिवसाला ८० आणि स्त्रीला ६५ मिलिग्रॅम सी जीवनसत्त्व पुरते. दीडशे ग्रॅम पिकलेल्या पपईत, म्हणजे साधारण एका वाटीत, ६० ते ९० मिलिग्रॅम असते. एका मध्यम पेरूत दोनशेच्या वर असते. ताज्या हिरव्या मिरचीतही ते भरपूर असते, म्हणून भाकरीबरोबरचा कच्चा ठेचा केवळ जिभेसाठी नसतो. मात्र लाल मिरची वाळवताना यातले बरेच जाते. लाल रंग मात्र टिकतो आणि तोही ऊन-हवेत हळूहळू फिका होतो. तिखटाची काचेची बरणी खिडकीत ठेवली तर सहा महिन्यांत रंग उडतो, तेही ऑक्सिडेशनच. तिखट अंधाऱ्या फडताळात ठेवावे.

ई जीवनसत्त्वाची गरज निरनिराळ्या देशांच्या शिफारशींत दिवसाला ७ ते १५ मिलिग्रॅमच्या दरम्यान सांगितली आहे. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे अडीच मिलिग्रॅम असते. सूर्यफूल किंवा सरकीच्या एका मोठ्या चमच्यात सुमारे पाच. पालेभाजी, तीळ, अंडी यांतून थोडे थोडे येते. भाकरी, डाळ, भाजी, मूठभर दाणे आणि बेताचे तेल खाणाऱ्या निरोगी माणसाला ई जीवनसत्त्वाची खरी कमतरता क्वचितच होते.

तेल पूर्ण बंद करणे तर उलटेच होईल. तेल नसेल तर पेशीची भिंत बांधायला माल नाही आणि ई जीवनसत्त्व आतड्यातून रक्तात जायला वाहन नाही. एका माणसाला दिवसाला वरून घेतलेले तेल-तूप मिळून २५ ते ३० ग्रॅम, म्हणजे पाच-सहा लहान चमचे पुरे. पाच माणसांच्या घरात महिन्याला साडेचार किलोच्या आसपास. आपल्या घरी महिन्याला किती पिशव्या फुटतात, हे एकदा मोजून पाहावे.

थकलेल्या मुलाची आधी तपासणी करा

या भगिनीच्या पत्रातली आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट केसांची किंवा गुडघ्यांची नाही, धाकट्याच्या थकव्याची आहे. नंदुरबार जिल्ह्यात राहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने ‘सिकलसेल’ हा शब्द ओळखायला हवा. सातपुड्याच्या पट्ट्यातील भिल्ल, पावरा अशा समाजांत हा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो. आजार वंशाने येतो, धर्म पाहत नाही. जळगाव जिल्ह्याच्या सातपुड्यालगतच्या भागातील तडवी भिल्ल बांधव धर्माने मुस्लिम आहेत, हे आपल्या वाचकांना माहीतच आहे. ज्यांच्या आजोळी-पंजोळी या समाजांशी नाते आहे, त्यांनी तपासणी नक्की करून घ्यावी.

आणि हा आजार आजच्या विषयाशी अगदी जवळून जोडलेला आहे. रक्तातील लाल पेशी ही ऑक्सिजन वाहून नेणारी हमाल. तिची भिंत किती मऊ असावी लागते पाहा: स्वतःच्या रुंदीपेक्षा अरुंद केशवाहिनीतून तिला अंग चोरून जावे लागते, तेही दिवसातून कित्येक वेळा. शिवाय तिला केंद्रक नसते, त्यामुळे बिघडलेली भिंत ती नव्याने बांधू शकत नाही. आहे त्यावर सुमारे १२० दिवस काढायचे. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिन सदोष असते. ऑक्सिजन कमी झाला की ते गोठून लांब कांड्या होतात आणि पेशी विळ्यासारखी वाकते. असे हिमोग्लोबिन लवकर मोडते, त्यातले लोह भिंतीला चिकटते आणि ठिणग्या उडवत राहते. भिंतीचे तेल खवट होते, पेशी कडक होते आणि दहा-वीस दिवसांतच फुटते. म्हणून रक्त कमी, म्हणून थकवा, आणि अरुंद वाहिन्यांत पेशी अडकल्या की असह्य वेदना.

ही जोडणी इतकी पक्की मानली जाते की अमेरिकेत २०१७ साली सिकलसेलसाठी मंजूर झालेले एक औषध म्हणजे ग्लुटामिन नावाचे अमिनो आम्ल आहे, आणि ते लाल पेशींना ऑक्सिडेशनशी झुंजायला मदत करते. अर्थात त्याची मात्रा औषधाची असते, ताटातून तेवढे मिळत नाही. म्हणून कोणी पपई खाऊन सिकलसेल बरा होतो असे सांगितले तर विश्वास ठेवू नये. औषधे, फॉलिक आम्ल, लसी, भरपूर पाणी आणि थंडीपासून बचाव हा उपचार डॉक्टरांच्या देखरेखीखालीच होतो. चांगला आहार त्याला हात देतो, त्याची जागा घेत नाही.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे तिचे उद्दिष्ट आहे. सरकारी दवाखान्यात विचारा, बोटाच्या थेंबभर रक्तावर पहिली तपासणी होते. या निमित्ताने तीन गोष्टी सांगतो.

एक, मुलाचे हिमोग्लोबिन कमी आले म्हणून लगेच मनाने लोहाच्या गोळ्या सुरू करू नका. साध्या रक्तक्षयात लोह औषध आहे, पण सिकलसेलच्या रुग्णात, विशेषतः ज्याला रक्त चढवले जाते त्याच्यात, लोह आधीच जास्त असू शकते. आणि जास्तीचे लोह ठिणग्या वाढवते हे वर आलेच आहे.

दोन, सोयरीक जमवताना दोघांची तपासणी झालेली असावी. मुलगा आणि मुलगी दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. खालाजाद-मामूजाद नात्यात लग्न होत असेल तर एकाच आजोबांकडून दोघांकडे दोष आलेला असण्याची शक्यता जास्त, म्हणून तिथे तपासणी अधिक गरजेची. तपासणी म्हणजे कोणाच्या खानदानावर बोट ठेवणे नव्हे.

तीन, सिकलसेलच्या रुग्णाने रोजा ठेवण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. दिवसभर पाणी न मिळाल्याने रक्त दाटते आणि वेदनेचा झटका येऊ शकतो. आजारी माणसाला सवलत आहे, हे घरातल्या मोठ्यांनी स्वतःहून मुलाला सांगावे. लाजेपोटी मुले सांगत नाहीत.

मेंदी आणि डांबरगोळ्या

लाल पेशींच्या पहाऱ्यातच एखादी उणीव जन्मतः असू शकते. जी-सिक्स-पी-डी नावाचे एक एन्झाइम ग्लुटाथिऑनला पुन्हा ताजे करण्याचे काम चालू ठेवते. काही मुलांत, बहुतेक मुलग्यांत, ते कमी असते. एरवी ती मुले ठणठणीत असतात. पण हिवतापावर दिले जाणारे प्रायमाक्वीन, काही इतर औषधे किंवा बाकला ही शेंग पोटात गेली की लाल पेशींच्या भिंती भराभर फुटतात. लघवी चहासारखी गडद होते, डोळे पिवळे पडतात.

आपल्या घरांसाठी महत्त्वाचे म्हणजे मेंदी. मेंदीतील रंग देणारे द्रव्य कातडीतून रक्तात जाते आणि ही उणीव असलेल्या तान्ह्या बाळांत त्याने लाल पेशी फुटल्याच्या घटना आखाती देशांत नोंदवल्या गेल्या आहेत. बाळाला अकिक्याला किंवा ईदला हौसेने तळहात भरून मेंदी लावतात. पहिल्या वर्षात तरी ही हौस आईच्या हातावर भागवावी. कपड्यांतल्या डांबरगोळ्यांचेही तेच. पेटीतून काढलेली दुलई किंवा झबले आधी धुऊन, उन्हात वाळवून मगच बाळाला वापरावे. बाळ वेळेआधी जन्मलेले असेल तर काळजी दुप्पट घ्यावी. अशा बाळांच्या शरीरात ई जीवनसत्त्वाचा साठा कमी असतो. त्यामुळे त्यांच्या लाल पेशी फुटून रक्तक्षय होतो, हे १९६७ साली डॉक्टरांनी दाखवून दिले. अशा बाळाला काय द्यायचे ते बालरोगतज्ज्ञच ठरवतील.

कढईतली ठिणगी

आता स्वयंपाकघरात येऊ. रमजानमध्ये इफ्तारला भजी, समोसे, कबाब रोज तळले जातात. कढईतले उरलेले तेल दुसऱ्या दिवशी पुन्हा तापते, त्यात थोडे नवे घातले जाते आणि महिनाभर तीच कढई चालते. पेशीच्या भिंतीत जी साखळी हळूहळू पेटते, तीच कढईत काही मिनिटांत पेटते. तेलातले ई जीवनसत्त्व आधी संपते आणि मग तेल बिघडते. जुन्यात नवे तेल घातल्याने जुने सुधारत नाही, नवेच लवकर बिघडते.

देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून नियम केला आहे की तळणीच्या तेलात बिघडलेल्या घटकांचे प्रमाण २५ टक्क्यांवर गेले की ते तेल वापरू नये. घरात हे मोजायचे यंत्र नसते, पण खुणा असतात. तेल काळसर आणि दाट होते, वर फेस धरतो, पूर्वीपेक्षा लवकर धूर येतो, भांड्याला चिकटा राहतो आणि वास खवट येतो. यातली एकही खूण दिसली तर ते टाकावे. आम्ही असे सुचवतो:

लहान, खोलगट कढई घ्या, म्हणजे थोड्या तेलात तळता येते आणि मागे उरत नाही. धूर निघेपर्यंत तापवू नका. तळण झाल्यावर गाळून, झाकून ठेवा आणि दोन-तीन दिवसांत फोडणीला संपवा, पुन्हा तळणीला नको. तळणीसाठी शेंगदाण्याचे किंवा तिळाचे तेल बरे, कारण करडई आणि सूर्यफुलाच्या मानाने ते उष्णतेला जास्त टिकते. करडई-सूर्यफूल फोडणीला वापरा. जवसाची चटणी करा, पण जवसाचे तेल तापवू नका. वनस्पती तुपात ट्रान्स फॅटची मर्यादा जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांवर आणली गेली आहे, तरी बिर्याणीत ते रोजची गोष्ट होऊ नये. तेल मोठ्या डब्यात एकदम भरण्यापेक्षा महिन्याचेच घ्या आणि स्टीलच्या झाकणाच्या बरणीत, शेगडीपासून दूर ठेवा.

मांसालाही हाच नियम आहे. बकरी ईदचे गोश्त फ्रीझरमध्ये ठेवले की जंतूंची वाढ थांबते, पण चरबीचे ऑक्सिडेशन पूर्ण थांबत नाही. खिमा जास्त लवकर बिघडतो, कारण तो कुटलेल्या दाण्यासारखाच हवेला उघडा पडलेला असतो. खिमा तीन-चार महिन्यांच्या आत संपवावा. पिशवीतली हवा दाबून काढावी. आले-लसूण, दही, लिंबू लावून मुरवण्याची आपली जुनी पद्धत चवीइतकीच चरबी सांभाळण्यासाठीही उपयोगी आहे. कबाबाबरोबर कांदा, लिंबू, पुदिना, कोथिंबीर ताटात येते ती शोभेसाठी नाही. ती आधी संपवावी.

मग कॅप्सूल का नको?

कोणीही म्हणेल की ई जीवनसत्त्व जर इतके उपयोगी, तर जास्त घेतले तर काय बिघडेल? शास्त्रज्ञांनीही हाच विचार करून मोठमोठे प्रयोग केले. फिनलंडमध्ये २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांपैकी काहींना ई जीवनसत्त्व आणि काहींना गाजरातील बीटा-कॅरोटीन गोळीतून दिले. १९९४ मध्ये निकाल आला. बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी १८ टक्के जास्त निघाला. २००० साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगात नऊ हजारांहून अधिक लोकांपैकी काहींना चार-साडेचार वर्षे ४०० युनिट ई जीवनसत्त्व दिले, हृदयरोग टळला नाही. तिसऱ्या प्रयोगात ३५ हजारांहून अधिक पुरुष होते. २०११ मध्ये दिसून आले की रोज ४०० युनिट घेणाऱ्यांत पुरःस्थ ग्रंथीचा कर्करोग १७ टक्क्यांनी वाढला.

याची कारणे समजण्यासारखी आहेत. ठिणगी अंगावर घेतलेले ई जीवनसत्त्व पुन्हा ताजे करायला सी आणि इतर साथीदार लागतात, ते नसतील तर एकट्याची गर्दी काय कामाची? शिवाय सगळ्या ठिणग्या शत्रू नसतात. आपल्या पांढऱ्या पेशी जंतू मारायला याच ठिणग्या वापरतात. पेरूत, डाळीत, पालेभाजीत हे सगळे पदार्थ आपापल्या मापात एकत्र असतात. कॅप्सूलमध्ये एकच असतो आणि तोही गरजेच्या कित्येक पट. जास्त मात्रेने रक्त पातळ होते, म्हणून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या वडीलधाऱ्यांना तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती कधीच देऊ नये. डॉक्टरांनी एखाद्या आजारासाठी लिहून दिली असेल तर गोष्ट वेगळी, ती मनाने बंदही करू नये.

कलौंजीविषयीही आम्हाला नेहमी विचारले जाते. तिच्यातील थायमोक्विनोन हे द्रव्य प्रयोगशाळेत ऑक्सिडेशन रोखते, हे खरे. नानवर, लोणच्यात, भाजीत चिमूटभर जरूर घाला. पण साखरेच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या सोडून कलौंजीचे तेल प्यायला लागणे धोक्याचे आहे.

ताट कसे असावे?

राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये सुचवलेल्या ताटात दिवसाला सुमारे ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे आहेत. लोणखेड्याच्या घरासाठी आम्ही ते असे मांडू.

सकाळी ज्वारी किंवा बाजरीची भाकरी, पालेभाजी आणि ठेचा. मुलांच्या डब्यात मूठभर भाजलेले दाणे आणि गुळाचा खडा. दुपारी तूरडाळ, भाजी आणि ताटात अर्धे लिंबू पिळून घेण्याची सवय. ते शिजवताना नको, शेवटी पिळावे, कारण उष्णतेने सी जीवनसत्त्व कमी होते. चार वाजता बिस्किटाच्या पुड्याऐवजी पपईची वाटी, हिवाळ्यात पेरू किंवा आवळा. आठवड्यातून एक-दोनदा मासे, जमेल तशी अंडी. भाजी धुऊन मग चिरावी, चिरून धुऊ नये. सलाड कापून तासन्‌तास उघडे ठेवू नये. दाण्याचे कूट आठवड्यापुरतेच करावे. आणि खवट लागलेला दाणा फक्त चवीला वाईट असतो असे समजून रश्श्यात खपवू नये.

इफ्तारच्या दस्तरखानावर खजूर आणि पाण्यानंतर पहिला हात फळांच्या ताटाकडे जावा, तळणीकडे नंतर. भजी रोजऐवजी आठवड्यातून दोन दिवस केली तरी रमजानचा आनंद कमी होत नाही. उलट सहरीपर्यंत पोटाला आराम मिळतो.

एक शब्द घरातल्या पुरुषांसाठी. विडी, सिगारेटचा प्रत्येक झुरका रक्तातले सी जीवनसत्त्व खर्च करतो. धूम्रपान करणाऱ्याला दिवसाला ३५ मिलिग्रॅम जास्त लागते असे अमेरिकेतील शिफारस सांगते. आणि धूर घरभर पसरतो, म्हणजे ठिणगी मुलांच्याही वाट्याला येते. पत्नी मुलांसाठी पपई कापत असेल आणि पती शेजारी बसून विडी ओढत असेल, तर एकाने भरायचे आणि दुसऱ्याने सांडायचे असे होते.

तेव्हा लोणखेड्याच्या भगिनीला आमचा सल्ला असा. डॉक्टरांनी सांगितलेल्या नसतील तर कॅप्सूलचे पैसे या महिन्यापासून वाचवा. धाकट्याची सिकलसेल आणि हिमोग्लोबिनची तपासणी याच आठवड्यात करून घ्या, तिला उशीर नको. सासूबाईंचे गुडघे हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. कारण समजेपर्यंत दुखण्यावर तेल किंवा गोळी बदलत बसू नका. केस गळण्यामागे बऱ्याचदा लोह किंवा थायरॉइड असते, तीही चाचणी सोबत होईल. आणि वाचलेल्या पैशांतून दाणे, लिंबू, अंडी आणि आपल्याच शिवारातली पपई घरी आणा.

पुढील अंकात आपण रक्तक्षय आणि लोहाच्या गोळ्या यांविषयी सविस्तर बोलू. आपल्या घरातील कोणाला लोहाच्या गोळ्या सोसत नसतील, तर काय त्रास होतो आणि त्या कधी, कशाबरोबर घेतल्या जातात, ते आम्हाला कळवावे.